दिनविशेष : १५ मार्च १९१५

स्कॉटिश उद्योजक थॉमस लीशमन यांनी दक्षिण भारतातील पाच लहान मद्यनिर्मितीगृहे एका छत्राखाली आणून स्थापन केलेली ‘युनायटेड ब्रुअरीज’ ही कंपनी आजच्या दिवशी नोंदली गेली. या पाचांपैकी ‘कॅसल ब्रुअरी’ १८५७ पासून चालू होती. आंबवलेल्या सातूपासून होणारी बिअर थंड हवेत अधिक चांगली उतरते, त्यामुळे निलगिरी आणि समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरचे बंगळूर हे प्रदेश तिला अनुकूल ठरले. शिवाय १८०९ मध्ये वसवलेल्या बंगळूरच्या लष्करी छावणीतील गोरे सैनिक हे हक्काचे गिऱ्हाईक होते, आणि त्यांच्यासाठी बिअर मोठमोठ्या लाकडी पिंपांतून पाठवली जाई. विखुरलेल्या भट्ट्यांचे हे एकत्रीकरण, म्हणजे भांडवल आणि व्यवस्थापन एका हाती आणणे, हेच लीशमन यांचे खरे कर्तृत्व मानले पाहिजे. १९४७ मध्ये विठ्ठल मल्ल्या कंपनीचे पहिले भारतीय संचालक झाले आणि पुढच्याच वर्षी आर. जी. एन. प्राइस यांच्या जागी अध्यक्षपदी आले; ब्रिटिश व्यवस्थापनाचे पर्व तेथे संपले, कंपनीचे मुख्यालय मात्र आजही बंगळुरातच आहे.