श्रवणयंत्र : समज आणि गैरसमज

चष्मा लावताना कुणी संकोचत नाही. श्रवणयंत्राचे नाव काढताच मात्र 'अजून तेवढी वेळ आलेली नाही', असे उत्तर मिळते. या टाळाटाळीमागे काही गैरसमज आहेत.

'यंत्राने कान आणखी अधू होतात' : तपासणीनुसार जुळवलेल्या यंत्राने उरलेली श्रवणशक्ती घटत नाही. उलट, वर्षानुवर्षे नीट ऐकू न आल्यास मेंदूची शब्द उकलण्याची सवय मोडते.

'यंत्र लावताच पूर्ववत ऐकू येते' : यंत्र दोष बरा करीत नाही. सुरुवातीला भांड्यांचा, पंख्याचा आवाजही टोचतो. सराव होण्यास काही आठवडे, क्वचित महिने लागतात. याच काळात कंटाळून अनेक जण यंत्र कपाटात ठेवून देतात.

'एकच यंत्र पुरे' : दोन्ही कानांत दोष असल्यास दोन यंत्रांनी आवाजाची दिशा आणि गोंगाटातील बोलणे अधिक चांगले कळते.

'दुकानातून आणले की झाले' : आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून तपासणी आणि ऑडिओमेट्री आवश्यक आहे. कधीकधी कारण केवळ साचलेला मळ असतो. मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत (स्थापना १९८३) श्रवणतपासणीची सोय आहे. पात्र अल्प उत्पन्न गटातील व्यक्तींना केंद्राच्या एडिप योजनेतून यंत्र मिळू शकते.

यंत्र कानामागे दिसेल, ही भीती असते. पण ऐकू न येणे चारचौघांत त्याआधीच दिसलेले असते.