चुन्याचा नेत्रदाह आणि पेशीमृत्यू

चुना, ओले सिमेंट, कॉस्टिक सोडा, अमोनिया असे अल्क किंवा तीव्र आम्ल डोळ्यात गेल्याने होणारी इजा म्हणजे रासायनिक नेत्रदाह. चंद्रपूर आणि त्यातून २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा झालेला गडचिरोली या जिल्ह्यांत तिचे कारण माणसाच्या खिशातच असते. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून खर्रा तयार होतो, म्हणून चुन्याची पुडी घरोघर पडलेली असते. ती लहान मुलाच्या हाती लागते, मूल ती मुठीत दाबते, कोपरा फाटतो आणि चुन्याची चिळकांडी थेट डोळ्यात उडते. चुनापुडीने मुलांना झालेल्या अशा इजा भारतातील नेत्रतज्ज्ञांनी वारंवार नोंदवल्या आहेत. मोठ्या माणसांना हा धोका कळीचा चुना विझवताना, भिंतींना चुना मारताना, बांधकामावर आणि गडचांदूर, आवारपूर, घुग्घूस या सिमेंटपट्ट्यात असतो.

चुन्याच्या संपृक्त पाण्याचा पीएच सुमारे १२.४ असतो, अश्रूंचा ७.४ च्या आसपास. आम्लाने पृष्ठभागावरची प्रथिने गोठतात आणि त्या थरामुळे आम्ल बरेचदा तिथेच अडते. अल्क मात्र पेशीच्या आवरणातील स्निग्धाचा अक्षरशः साबण करते आणि आत शिरत जाते. चुन्याचा कॅल्शियमयुक्त साबण पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे चुना कॉस्टिक सोड्यापेक्षा सावकाश आत जातो. पण त्याचे कण वरच्या पापणीआड चिकटून राहतात आणि तिथून तासन्‌तास झिरपतात.

बुबुळाचा काळा भाग पांढऱ्याला मिळतो त्या कडेवर कॉर्नियाच्या, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या, मूलपेशी असतात. त्या मेल्या की कॉर्नियावर पांढरी, रक्तवाहिन्यांनी भरलेली साय धरते. इथे नातेवाईक हमखास फसतात. लालभडक डोळ्याला ते घाबरतात आणि पांढराफटक, शांत डोळा पाहून निश्चिंत होतात. प्रत्यक्षात तो पांढरेपणा कडेच्या रक्तवाहिन्या जळाल्याचा असू शकतो. रोपर-हॉल यांचे १९६५ चे वर्गीकरण आणि दुआ यांचे २००१ चे वर्गीकरण, दोन्ही इजेची तीव्रता ठरवताना या कडेलाच महत्त्व देतात.

चुना धुऊन निघाल्यावरही पेशी मरत राहतात आणि आजचे संशोधन याच टप्प्यावर एकवटले आहे. काही पेशी रसायनाने तत्काळ मरतात. उरलेल्यांपैकी अनेक स्वतःच्या आतल्या यंत्रणेने मरतात. १९७२ मध्ये नाव मिळालेल्या अ‍ॅपोप्टोसिसमध्ये पेशी आक्रसून निमूट मरते. नेक्रोप्टोसिस आणि पायरोप्टोसिसमध्ये ती फुगून फुटते आणि सांडलेला ऐवज शेजारी दाह पेटवतो. २०१२ मध्ये वर्णिलेल्या फेरोप्टोसिसमध्ये लोहाच्या साहाय्याने आवरणातील स्निग्धाचे ऑक्सिडीकरण होते. हा प्रकार रोखणारे फेरोस्टॅटिन-१ अल्काने भाजलेल्या उंदरांच्या डोळ्यांत वापरल्यावर कॉर्नियाचा धुरकटपणा आणि नव्या रक्तवाहिन्यांची वाढ कमी झाली. इजा दृष्टिपटलापर्यंतही पोचते. तिथे पेशींना मारतात ते पुढून आलेले दाहकारक रेणू, विशेषतः ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर अल्फा. संधिवातात वापरले जाणारे इन्फ्लिक्सिमॅब हे त्यावरचे प्रतिपिंड लगेच दिल्यावर उंदरांच्या दृष्टिपटलाचे बरेच रक्षण झाल्याचे बोस्टनच्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवले. माणसांच्या नेहमीच्या उपचारांत ही औषधे अजून आलेली नाहीत. तिथे मदार आहे ती स्टिरॉइडचे थेंब, क जीवनसत्त्व, डॉक्सिसायक्लिन आणि गर्भवेष्टनाच्या आवरणावर. एकाच डोळ्याची कडा गेली असेल, तर चांगल्या डोळ्याच्या कडेचा सुमारे २ मिलिमीटरचा तुकडा घेऊन, त्याचे बारीक कण करून बाधित डोळ्यावर रुजवतात. ही पद्धत हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत वीरेंद्र सांगवान आणि सहकाऱ्यांनी विकसित केली व २०१२ मध्ये प्रसिद्ध केली. दोन्ही डोळे भाजलेल्या मुलाला तिचा उपयोग होत नाही.

पेशीमृत्यू रोखणाऱ्या थेंबांची खरी गरज भामरागड, सिरोंचासारख्या तालुक्यांना आहे. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडची वाट बंद होते आणि एरवीही नेत्रतज्ज्ञापर्यंतचा प्रवास काही तासांचा असतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात ठेवता येईल, उन्हाळ्यात टिकेल आणि आशाताईंना घालता येईल असा थेंब निघाला, तर या तासांत मरणाऱ्या पेशी वाचू शकतील. आज तरी पहिला इलाज हातपंपाचे स्वच्छ पाणी हाच आहे. डोळा उघडा धरून निदान अर्धा तास धार सोडावी. दूध, तूप, तेल काही घालू नये. चुन्यावर उतारा म्हणून लिंबू तर मुळीच पिळू नये. आरोग्य केंद्रात पीएचची पट्टी असल्यास पापणीच्या आत टेकवावी आणि ७ च्या आसपास येऊन स्थिरावेपर्यंत धुणे थांबवू नये. वरची पापणी पूर्ण उलटवून, आतल्या खोबणीतले चुन्याचे कण ओल्या बोळ्याने टिपूनच रुग्णाला गाडीत बसवावे.