घरातला मोठा ट्यूब टीव्ही : रचना, निगा आणि निरोप

चतुर्थी जवळ आली की गोव्यात घरोघरी साफसफाई सुरू होते आणि बऱ्याच घरांत ती एका वस्तूपाशी येऊन अडते. ती वस्तू म्हणजे दिवाणखान्याच्या कोपऱ्यात बसलेला २९ इंची ट्यूब टीव्ही. कोणी तो आखातातून परतताना आणलेला असतो, कोणी बोटीवरची नोकरी आटोपून येताना, तर कोणी मडगाव-म्हापशाच्या दुकानातून हप्त्याने घेतलेला. एकेकाळी शेजारीपाजारी पाहायला येत असा हा संच आज विकायला काढला तर गिऱ्हाईक मिळत नाही. भंगारवाल्याला द्यावा तर तोही नाक मुरडतो. संच ठेवायचा तर कसा ठेवावा आणि घालवायचा तर कोणाच्या हाती द्यावा, हे ठरवण्यापूर्वी त्याच्या आत काय आहे हे ठाऊक असणे आवश्यक आहे.

मोठा म्हणजे किती?

टीव्हीचा आकार पडद्याच्या कर्णावर मोजतात. भारतीय बाजारात १४, २०, २१, २५ आणि २९ इंची संच रूढ होते. त्यांपैकी २१ इंची हा मध्यमवर्गीय घराचा, तर २९ इंची हा ऐपतीचा मानला जाई. २९ इंची संचात प्रत्यक्ष दिसणाऱ्या चित्राचा कर्ण सुमारे ६८ सेंटिमीटर असतो, कारण ट्यूबची कड खोक्याच्या चौकटीत झाकली जाते. रुंदी व उंचीचे प्रमाण ४:३ असल्याने चित्र सुमारे ५४ सेंटिमीटर रुंद आणि ४१ सेंटिमीटर उंच भरते. आजच्या ३२ इंची सपाट टीव्हीचे चित्र सुमारे ७० सेंटिमीटर रुंद असले, तरी त्याची उंची ४० सेंटिमीटरच्या आतबाहेर असते. म्हणूनच दूरदर्शनच्या काळातली जुनी ४:३ चित्रफीत दोन्ही संचांवर जवळपास सारख्याच आकाराची दिसते. सपाट टीव्हीवर तिच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या उरतात, एवढाच फरक.

ट्यूबचा आकार वाढवण्याला वजनाची मर्यादा होती. १९८९ च्या सुमारास सोनी कंपनीने जपानमध्ये ४३ इंची पडद्याचा संच विक्रीस आणला. त्याचे वजन सुमारे २०० किलो होते. घरगुती ट्यूब टीव्ही त्यापुढे गेला नाही.

इतके वजन कशामुळे?

ट्यूब टीव्हीचे मूळ जर्मन शास्त्रज्ञ कार्ल फर्डिनांड ब्राउन यांनी १८९७ मध्ये तयार केलेल्या कॅथोड किरण नळीत आहे. पिक्चर ट्यूब म्हणजे आतली हवा काढून घेतलेले काचेचे नरसाळे. त्याच्या निमुळत्या मानेत तीन इलेक्ट्रॉन बंदुका असतात. त्यांतून निघालेले झोत मानेवर बसवलेल्या तांब्याच्या वेटोळ्यांच्या, म्हणजे ‘योक’च्या, चुंबकीय क्षेत्राने आडवेउभे वळवले जातात. पडद्याच्या आतल्या अंगाला लाल, हिरव्या आणि निळ्या फॉस्फरचा लेप असतो. त्याच्या किंचित मागे बसवलेली सच्छिद्र धातूची जाळी प्रत्येक झोत नेमक्या रंगावर पडेल याची व्यवस्था करते. १९६८ मध्ये आलेल्या सोनीच्या ट्रिनिट्रॉन ट्यूबमध्ये या जाळीऐवजी उभ्या तारांची मांडणी होती. त्यामुळे तिचे चित्र अधिक उजळ दिसे.

आत निर्वात पोकळी असल्याने बाहेरची हवा काचेवर सतत दाब देत असते. दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो या हिशेबाने २९ इंची पडद्यावर हा भार सव्वादोन टनांच्या घरात जातो. तो पेलण्यासाठी दर्शनी काच अतिशय जाड ठेवावी लागते, आणि संचाचे निम्म्याहून अधिक वजन ट्यूबच्या काचेचेच असते. २९ इंची संच म्हणूनच ४० ते ५० किलोंचा होतो. झोत पडद्याच्या कडेपर्यंत वळण्यासाठी मागे जागा लागते. त्यामुळे संचाची खोलीही अर्ध्या मीटरच्या आसपास जाते.

घराघरांत आगमन

भारतात दूरदर्शनचा प्रारंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत झाला. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडियाचे ‘ईसी’ हे कृष्णधवल संच त्या काळात घरोघरी पोहोचले. १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण सुरू झाले आणि त्याच वर्षीच्या दिल्लीतील आशियाई क्रीडा स्पर्धांनी रंगीत टीव्हीची ओढ देशभर पसरवली. पुढच्या वर्षी इन्सॅट-१ब उपग्रह अवकाशात गेला आणि लहान प्रक्षेपकांचे जाळे विणले गेल्यावर दूरच्या गावांतही छपरांवर अँटेना उभ्या राहिल्या. जानेवारी १९८७ मध्ये सुरू झालेली ‘रामायण’ आणि ऑक्टोबर १९८८ मध्ये सुरू झालेली ‘महाभारत’ या मालिकांच्या वेळी एका संचासमोर सारा वाडा बसत असे. १९८६ च्या मेक्सिकोतील विश्वचषकाने फुटबॉलवेड्या गोव्यालाही रात्र रात्र पडद्यासमोर जागवले.

मोठे संच खऱ्या अर्थाने आले ते १९९१ नंतर, केबल वाहिन्या आणि खुल्या आयातीबरोबर. आखाती देशांत भारतासारखीच ‘पाल’ रंगपद्धत असल्याने तिथे घेतलेला संच इथे विनासायास चालत असे. औरंगाबादजवळ व्हिडिओकॉनचे कारखाने उभे राहिले. ओनिडा, बीपीएल यांसारखी नावे सर्वतोमुखी झाली. २००८ च्या सुमारास जगभरात सपाट पडद्याच्या संचांची विक्री ट्यूब संचांच्या पुढे गेली. भारतात हा पालट आणखी काही वर्षांनी झाला.

आज त्यावर काय पाहावे?

प्रसार भारतीने मार्च २०२२ पर्यंत आपले बहुतेक जुने भूप्रक्षेपक बंद केले. त्यामुळे छपरावरच्या अँटेनाचा उपयोग संपला. टीव्हीचा मात्र संपलेला नाही. केबल, डीटीएच अथवा डीडी फ्री डिशच्या सेट-टॉप बॉक्सला पिवळ्या, लाल व पांढऱ्या तारांची जोडणी असेल तर तो ट्यूब टीव्हीला सरळ जोडता येतो. केवळ एचडीएमआय जोडणी असलेल्या उपकरणासाठी एव्ही कन्व्हर्टर मिळतो. त्यावरचे बटण ‘पाल’कडे ठेवावे. सेट-टॉप बॉक्सच्या सेटिंगमध्ये पडद्याचे प्रमाण ४:३ निवडावे, नाहीतर माणसे उभट दिसतात. रुंद चित्र पूर्ण पाहायचे ठरवल्यास वर-खाली मिळून पडद्याची पाव उंची काळी राहते. शिवाय ट्यूब टीव्ही चित्राच्या कडा थोड्या चौकटीबाहेर टाकतो. त्यामुळे बातम्यांची तळाची पट्टी अर्धवट कापली जाण्याचा संभव असतो.

जुन्या साहित्यासाठी मात्र हा पडदा आजही सरस आहे. ‘पाल’ चित्रात ६२५ रेषा असतात आणि त्यांपैकी ५७६ चित्रासाठी वापरल्या जातात. ट्यूब त्या रेषा जशाच्या तशा रेखाटते. सपाट टीव्हीला त्याच रेषा ताणून आपल्या ठराविक बिंदूंत बसवाव्या लागतात, म्हणून व्हिडिओ कॅसेटवरील लग्नाचे चित्रण त्यावर धूसर दिसते आणि ट्यूबवर सुसह्य वाटते. नव्वदच्या दशकातले व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांचाही ट्यूबवर जीव असतो. बदके टिपण्याच्या खेळातील बंदूक तर ट्यूबशिवाय चालतच नाही. घोडा ओढताच पडदा क्षणभर काळा होऊन लक्ष्याच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदुकीतील संवेदक तो प्रकाश टिपतो. सपाट टीव्ही चित्र दाखवण्यास किंचित विलंब लावतो, त्यामुळे हा मेळ बसत नाही.

वीज मात्र हा संच अधिक खातो. २९ इंची ट्यूब साधारण १०० ते १५० वॅट घेते, तर ३२ इंची एलईडी टीव्ही त्याच्या निम्म्याहून कमी विजेत चालतो. दिवसभर मालिका पाहणाऱ्या घरात हा फरक बिलात उमटतो. अधूनमधून जुनी कॅसेट लावणाऱ्या घरात तो नगण्य ठरतो.

पावसाळा, खारी हवा आणि निगा

किनारपट्टीवर ट्यूब टीव्हीचा खरा वैरी म्हणजे दमट, खारी हवा. ट्यूबला २५ हजार व्होल्टच्या आसपास दाब लागतो. तंत्रज्ञ ज्याला ‘ईएचटी’ म्हणतात त्या ट्रान्सफॉर्मरमधून तो येतो. त्याच्याभोवती साचलेल्या धुळीत ओल शिरली की विजेची गळती होते. संचातून ‘हिस्स’ असा आवाज येतो, कधी निळसर ठिणगी दिसते. असे होताच संच बंद करून तंत्रज्ञाला दाखवावा. आषाढ-श्रावणात संच आठवडेच्या आठवडे बंद ठेवण्यापेक्षा दोन-तीन दिवसांआड अर्धा तास चालवल्यास आतला ओलावा निघून जातो. संच भिंतीपासून किमान वीतभर पुढे असावा. चालू असताना त्यावर कापड टाकू नये आणि बंद असतानाही प्लास्टिकने झाकू नये. मागच्या जाळीतून मुंग्या, झुरळे, पाली आत शिरतात आणि शॉर्टसर्किट होते, याकडेही लक्ष असावे. विजा चमकू लागताच प्लग आणि केबल दोन्ही काढून ठेवावीत.

पडद्याच्या एका कोपऱ्यात हिरवट वा जांभळट डाग दिसू लागला, तर आधी जवळचा स्पीकर दूर करावा. लोहचुंबकामुळे इलेक्ट्रॉनांचा झोत वाट चुकतो आणि आतली धातूची जाळी चुंबकित होते. संच सुरू करताना येणारा ‘ठण्’ असा आवाज हा चुंबकत्व घालवणाऱ्या वेटोळ्याचा असतो. संच अर्धा तास बंद ठेवून पुन्हा सुरू केल्यास किरकोळ डाग दोन-तीन वेळांत जातो.

संच ठेवण्याचे टेबल बुटके, रुंद आणि भक्कम हवे. वजन पडद्याच्या बाजूला असल्याने संच पुढच्या बाजूला कलंडतो. खालच्या खणांवर पाय देऊन चढणाऱ्या लहान मुलाच्या अंगावर तो पडल्यास जिवावर बेतू शकते. वापरात नसलेला संच कपाटावर चढवून ठेवणे म्हणूनच धोक्याचे. उचलताना दोघांनी उचलावा आणि पडदा छातीकडे धरावा.

दुरुस्तीची मर्यादा

चित्र फिके, उशिरा उमटणारे आणि पसरट झाले, तर ट्यूब ‘वीक’ झाली असे समजतात. नवी ट्यूब आता बनत नाही, म्हणून त्या टप्प्यावर खर्च करण्यात अर्थ नसतो. चित्र आक्रसणे, एकच आडवी रेघ दिसणे, संच सुरू होऊन लगेच बंद पडणे हे दोष मात्र बहुधा सुटलेल्या डाखामुळे किंवा जुन्या कॅपेसिटरमुळे येतात आणि थोडक्यात दुरुस्त होतात. हे काम जाणणारे हात कमी होत चालले आहेत. तरीही मागचे झाकण घरी उघडू नये. प्लग काढल्यानंतरही ट्यूबमध्ये उच्च दाबाचा विद्युतभार बराच काळ टिकून राहतो आणि त्याचा धक्का जबर असतो.

निरोप देताना

ट्यूब टीव्हीतून बाहेर पडणारे क्ष-किरण अडवण्यासाठी तिच्या काचेत शिसे घातलेले असते. नरसाळ्याच्या काचेत शिशाच्या ऑक्साइडचे प्रमाण वजनाच्या सुमारे २० ते २५ टक्के असते, मानेच्या काचेत त्याहून अधिक. अखंड ट्यूब घरात निरुपद्रवी असते. भंगाराच्या व्यवहारात मात्र किंमत असते ती योक आणि वेटोळ्यांच्या तांब्याला. ते काढण्यासाठी ट्यूबची मान मोडली जाते आणि काच उघड्यावर टाकली जाते. फोडताना काचेचे तुकडे उडतात, आतल्या फॉस्फरची विषारी पूड श्वासात जाते, आणि पावसाच्या पाण्याबरोबर शिसे मातीत झिरपते. विहिरी, ओहोळ आणि खाजन शेती यांवर जगणाऱ्या गावाला ते परवडणारे नाही. शिशाची बाधा लहान मुलांच्या मेंदूला सर्वाधिक होते.

पूर्वी जुन्या ट्यूबची काच वितळवून नव्या ट्यूब बनवल्या जात. गुजरातमधील भरूच येथील व्हिडिओकॉनचा काच कारखाना या कामी जगातील अखेरच्या मोठ्या केंद्रांपैकी एक होता. परदेशातूनही तिथे काच येत असे. ट्यूबचे उत्पादन थांबले आणि हा मार्ग बंद झाला. आता ही काच शिसे वेगळे काढणाऱ्या भट्टीत किंवा घातक कचऱ्याच्या सुरक्षित भरावात जाणे एवढेच पर्याय उरतात, आणि दोन्हींना खर्च येतो. भंगारवाला नाक मुरडतो त्याचे कारण हेच.

१ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार टीव्हीच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकांवर आहे आणि ती नोंदणीकृत पुनर्प्रक्रियादारामार्फतच होणे बंधनकारक आहे. जुन्या संचांचे अनेक उत्पादक मात्र आज व्यवसायात नाहीत. त्यामुळे घरमालकाने आपल्या पंचायतीकडे किंवा पालिकेकडे ई-कचरा संकलनाची चौकशी करून संच अखंड स्थितीतच सोपवावा. नवा टीव्ही घेताना जुन्याच्या बदली सूट मिळत असेल, तर तो पुढे कोठे जातो हे दुकानदाराला विचारावे.

त्याआधी एक काम उरकून घेणे हिताचे. घरात व्हिडिओ कॅसेट असतील तर त्या याच संचावर एकदा पाहून, त्यातील जपण्याजोगे चित्रण संगणकावर उतरवून घ्यावे. व्हीसीआरचे उत्पादन २०१६ मध्येच थांबले असून कॅसेटच्या फितीला दमट हवेत बुरशी लागते. संच गेल्यावर दुसरा मिळेल. त्या फितीतली माणसे पुन्हा चित्रित करता येणार नाहीत.