विधिजादू, मांत्रिकेतर पात्रांची

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या अमेरिकन भूमिकाखेळात योद्धा, चोर अशा मंत्र न येणाऱ्या पात्रांनाही सावकाश विधी करून जादू साधण्याची मुभा देणारे नियम. 2008च्या चौथ्या आवृत्तीने विधी नेहमीच्या मंत्रशक्तींपासून वेगळे काढले. गूढविद्या किंवा धर्मज्ञान यांपैकी एकाचे प्रशिक्षण आणि ‘रिच्युअल कास्टर’ हे जादा कौशल्य असले, की कोणीही ते करू शके. मात्र बहुतेक विधींना दर वेळी सामग्रीचा खर्च येई.

2014च्या पाचव्या आवृत्तीत या कौशल्यासाठी बुद्धी किंवा शहाणपणाचा गुणांक किमान 13 लागे. पात्राला पहिल्या पातळीचे दोन मंत्र असलेली पोथी मिळे. विधीला नेहमीपेक्षा 10 मिनिटे जास्त लागतात, पण मंत्रसाठा खर्च होत नाही. वाटेत सापडलेला मंत्र पोथीत उतरवायला मंत्राच्या पातळीमागे 2 तास आणि 50 सुवर्णनाणी लागत. ऐन लढाईत हे सारे कुचकामीच. अनोळखी भाषा समजणे, जादूची वस्तू ओळखणे अशा कामांत मात्र खरा फायदा. बार्बेरियन योद्ध्यांच्या एका शाखेला तर पोथीविनाच प्राण्यांशी बोलण्याचा विधी येतो.

2024च्या सुधारित नियमांनी पोथी काढून टाकली. हिशेब सोपा झाला, पण मंत्र हुडकण्याची गंमत गेली.