दूरचित्रवाणी संकेताचे घरातील बिनतारी वहन : सुरगाणा तालुका

हवेतून आलेला दूरचित्रवाणी संकेत घरात एका ठिकाणी उतरवून घ्यायचा आणि दुसऱ्या खोलीतल्या टीव्हीपर्यंत तार न ओढता पोहोचवायचा, अशा पद्धतींना दूरचित्रवाणी संकेताचे घरातील बिनतारी वहन म्हणतात. युरोप-अमेरिकेत या विषयात हवेतला संकेत म्हणजे जमिनीवरच्या मनोऱ्यावरून येणारा संकेत. नाशिक जिल्ह्याच्या वायव्य कोपऱ्यातल्या, गुजरातला लागून असलेल्या सुरगाणा तालुक्यात मात्र तो उपग्रहावरून येतो. इथली घरगुती अडचणही त्यामुळेच वेगळी आहे.

मनोऱ्यांचा काळ आधी पाहू. मुंबई दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले आणि पुढे 1984 च्या सुमारास देशभर कमी शक्तीचे प्रक्षेपक झपाट्याने उभे राहिले. बांबूला बांधलेला ॲल्युमिनियमचा यागी अँटेना, त्याला जोडलेला बूस्टर, एकाने छपरावर चढून अँटेना फिरवायचा आणि दुसऱ्याने खालून ‘आलं, आलं… गेलं’ असे ओरडायचे, हा त्या काळचा नित्याचा उद्योग. संकेत कमी पडला की पडद्यावर मुंग्या येत, आणि डोंगरावरून परावर्तित लहरी आल्या की प्रत्येक माणसामागे त्याची फिकट सावली उभी राही. या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. प्रक्षेपकाचा मनोरा 100 मीटर आणि घरावरची काठी 9 मीटर धरली, तर सपाट जमिनीवरही त्यांचा पल्ला 53 किलोमीटरच्या आसपास भरतो. नाशिक ते सुरगाणा हे सरळ रेषेतले अंतरच 60 किलोमीटरहून जास्त आहे, आणि वाटेत सह्याद्रीच्या रांगा आहेत. दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीने 2021 मध्ये, मोक्याच्या ठिकाणचे सुमारे 50 प्रक्षेपक सोडून बाकीचे ॲनालॉग प्रक्षेपक मार्च 2022 पर्यंत बंद करायचे जाहीर केले. जमिनीवरून डिजिटल प्रक्षेपणासाठी 2016 मध्ये देशातली 16 शहरे निवडली गेली. त्यांत महाराष्ट्रातली मुंबई आणि औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) होती, नाशिक नव्हते.

डोंगराची अडचण सोडवली ती दूरदर्शनच्या ‘डीडी फ्री डिश’ या उपग्रह सेवेने. ही सेवा डिसेंबर 2004 मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने सुरू झाली. तिला मासिक वर्गणी नाही. जीसॅट-15 हा तिचा उपग्रह 93.5 अंश पूर्व रेखांशावर आहे. सुरगाण्यातून तो जवळजवळ नेमका आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे 57 अंशांवर येतो. एवढ्या उंचावरून संकेत आला की समोरची टेकडी आड येत नाही. आड येते ते अंगणातले आंब्याचे किंवा सागाचे झाड. डिशची छत्री घराच्या मागच्या पडवीवर बसवलेली दिसली, तर झाड टाळण्यासाठीच ती तिथे गेली असावी असे खुशाल समजावे.

‘बिनतारी’ या शब्दाला इथे पहिली मर्यादा पडते. छत्रीपासून सेट-टॉप बॉक्सपर्यंतची तार काढता येत नाही. छत्रीच्या तोंडाशी असलेला एलएनबी 11 गिगाहर्ट्‌झच्या आसपासचा संकेत 950 ते 2150 मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात उतरवतो, आणि त्याला लागणारी 13 किंवा 18 व्होल्टची वीज त्याच तारेतून वर जाते. ती तार तोडली की एलएनबी मेला. तेव्हा बिनतारी करायचा तो पुढचा टप्पा, म्हणजे बॉक्सपासून दुसऱ्या खोलीपर्यंतचा.

यातला जुना उपाय एव्ही सेंडर. पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिना बॉक्सला लावायच्या. एक डबी 2.4 किंवा 5.8 गिगाहर्ट्‌झवर चित्र आणि आवाज पाठवते, दुसरी डबी ते पलीकडच्या टीव्हीला देते. रिमोटसाठी वेगळी युक्ती असते. रिमोटचा अवरक्त किरण भिंतीतून जात नाही. म्हणून पलीकडची डबी त्याचे रेडिओ लहरीत रूपांतर करते, अलीकडची डबी ते पुन्हा किरणात बदलते, आणि वायरच्या टोकाचा बारीक दिवा बॉक्सच्या डोळ्यासमोर चिकटवायचा असतो. तो बोटभर सरकला की रिमोट चालत नाही, आणि दोष मात्र सेलना दिला जातो. शेजारी वायफाय किंवा मायक्रोवेव्ह चालू असेल तर 2.4 गिगाहर्ट्‌झवरचे चित्र फाटते. एचडीएमआयचे बिनतारी संच यापेक्षा स्वच्छ चित्र देतात, पण महाग पडतात. दोन्हींत मूळ उणीव एकच: बॉक्स एक, म्हणून वाहिनीही एकच. आजीला मालिका आणि नातवाला क्रिकेट हे भांडण त्यातून मिटत नाही.

ते मिटते संकेत बॉक्सच्या आधीच पकडल्यावर. नेटवर्क ट्यूनर उपग्रहाचा डिजिटल प्रवाह घरातल्या वायफायवर सोडतो आणि प्रत्येक टीव्ही किंवा मोबाइल हवी ती वाहिनी उचलतो. यासाठी एसईएस या उपग्रह कंपनीने 2012 मध्ये ‘सॅट-टू-आयपी’ ही पद्धत पुढे आणली. ट्यूनर कार्ड लावलेल्या छोट्या संगणकावर ‘टीव्हीहेडएंड’ ही मुक्त प्रणाली चालवूनही हे साधते. 29,500 किलोसिंबल वेगाच्या एका ट्रान्सपाँडरचा, म्हणजे उपग्रहावरच्या एका प्रक्षेपण-मार्गाचा, अख्खा प्रवाह सेकंदाला 40 मेगाबिटच्या आसपास भरतो, एका साध्या वाहिनीचा त्याचा लहानसा अंश. एवढे ओझे घरच्या वायफायला जड नाही. यासाठी इंटरनेट जोडणीही लागत नाही, राउटर पुरतो, आणि जिथे मोबाइलची रेंज शोधायला टेकाडावर जावे लागते तिथे ही गोष्ट मोठी आहे. वीज गेली की मात्र राउटर, ट्यूनर, टीव्ही सगळेच एकदम बंद.

घराची बांधणीही पाहावी लागते. कारवीच्या कुडाला माती-शेणाने लिंपलेली भिंत वायफायला सहसा नडत नाही. सिमेंटचा स्लॅब आणि लोखंडी सळ्या जास्त अडवतात, आणि पत्रा तर लहरी परतवूनच लावतो. परवान्याच्या दृष्टीने 2.4 गिगाहर्ट्‌झचा पट्टा जानेवारी 2005 पासून आणि 5 गिगाहर्ट्‌झचे बरेचसे पट्टे ऑक्टोबर 2018 पासून, ठरवून दिलेल्या शक्तीच्या मर्यादेत, मोकळे आहेत. टीव्हीच्याच पट्ट्यात छोटा प्रक्षेपक लावून घरभर वाहिनी सोडणे मात्र या सवलतीत बसत नाही.

पावसापुढे यातले कोणतेच साधन चालत नाही. घाटमाथ्यावर पाऊस कोसळू लागला की उपग्रहाकडून येणाऱ्या, सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीच्या लहरी वाटेतच शोषल्या जातात. चित्राचे आधी चौकोन होतात, मग ‘नो सिग्नल’ची पाटी येते. अशा वेळी घरातला सेंडर बदलून उपयोग नाही. छत्री थोडी मोठी घेतली आणि तिचा नेम नीट बसवला, तर पाटी उशिरा येते इतकेच.

खर्चाचा हिशेब केला तर बिनतारी वहनाचा मोह बऱ्याच घरांत ओसरतो. फ्री डिशची छत्री आणि बॉक्स मिळून एकरकमी खर्च साधारण 2,000 रुपयांच्या घरात सांगितला जातो. दोन तोंडांचा एलएनबी आणि दुसरा बॉक्स घेतला तर दोन खोल्यांत दोन वेगळ्या वाहिन्या लागतात, फक्त एक तार कौलांखालून न्यावी लागते. कौलारू घरात ती नेणे सोपे. स्लॅबच्या घरात भिंतीला भोक पाडावे लागते, आणि बिनतारी साधनाला गिऱ्हाईक मिळते ते तिथेच. उपग्रह ट्यूनर आतच असलेल्या टीव्हीसाठी भारतीय मानक ब्यूरोने आयएस 18112 : 2022 हे मानक काढले आहे. अशा टीव्हीला बॉक्स लागत नाही, छत्रीची तार थेट टीव्हीतच खोचायची.