उष्णताप्रिय बीजाणुजनक जीवाणू

उष्णताप्रिय बीजाणुजनक जीवाणू हे साधारणतः ४५° सेल्सियसपेक्षा अधिक तापमानात उत्तम वाढणारे आणि प्रतिकूल परिस्थितीत बीजाणू निर्माण करणारे जीवाणू होत. जिओबॅसिलस, अॅलिसायक्लोबॅसिलस, मूरेला या प्रजातींत असे जीवाणू आढळतात. गरम पाण्याचे झरे, कुजणारा पाला, शेणखत, माती व दूध ही त्यांची वसतिस्थाने आहेत. नांदेड जिल्ह्यातील किनवट तालुक्यात असलेल्या उनकेश्वर येथील झऱ्यांतूनही उष्णताप्रिय जीवाणू वेगळे करण्यात आले आहेत.

बीजाणूची रचना
बीजाणू हे प्रजननाचे नव्हे, तर तग धरण्याचे साधन आहे. एका पेशीत एकच बीजाणू तयार होतो. त्याच्या गाभ्यात पाणी अत्यल्प असते आणि कॅल्शियमयुक्त डायपिकोलिनिक आम्ल भरपूर असते. त्यामुळे तो उकळत्या पाण्यातही जिवंत राहू शकतो. अनुकूल परिस्थिती मिळताच तो अंकुरतो.

वर्गीकरण
जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या जातीचे वर्णन १९२० साली डॉन्क यांनी बॅसिलस या प्रजातीत केले. २००१ साली तिचा समावेश जिओबॅसिलस या नव्या प्रजातीत झाला. पीसीआर चाचणीतील विकर देणारा थर्मस अॅक्वाटिकस हा जीवाणू उष्णताप्रिय असला, तरी बीजाणुजनक नाही.

उपयोग
निर्जंतुकीकरणाची पडताळणी : ऑटोक्लेव्हमधील तापमान व दाब योग्य दिसले, तरी आतील सर्व जीव नष्ट झाले असतीलच असे नाही. म्हणून भारताच्या जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार पडताळणीसाठी जि. स्टिअरोथर्मोफिलसचे किमान दहा लाख बीजाणू असलेल्या पट्ट्या वापरतात. तीन पट्ट्या कचऱ्यासोबत आत ठेवतात, तर चौथी तुलनेसाठी बाहेर असते. नंतर सर्व पट्ट्या उबवतात. बाहेरच्या पट्टीवर वाढ झाली आणि आतल्या पट्ट्यांवर झाली नाही, तरच प्रक्रिया यशस्वी मानतात.

दुधाची तपासणी : याच जातीच्या एका प्रकाराने दुधातील प्रतिजैविकांचे अंश ओळखता येतात. दूध शुद्ध असल्यास जीवाणू वाढून आम्ल तयार करतात आणि दर्शक जांभळ्याचा पिवळा होतो. प्रतिजैविक असल्यास वाढ खुंटते व रंग जांभळाच राहतो.

रोगनिदान : या जीवाणूपासून मिळणारे बीएसटी पॉलिमरेज हे विकर २००० साली जपानमध्ये मांडलेल्या लॅम्प पद्धतीत वापरतात. ही चाचणी ६०° ते ६५° या स्थिर तापमानात होत असल्याने महागडे तापचक्र यंत्र लागत नाही. क्षयरोगाच्या निदानासाठीही ती वापरली जाते.

खतनिर्मिती : कंपोस्टच्या ढिगाचे तापमान ५५° च्या वर गेल्यावर हे जीवाणू कुजण्याची प्रक्रिया पुढे नेतात. या उष्णतेने रोगजंतू व तणांचे बी बऱ्याच अंशी नष्ट होते. छत्रपती संभाजीनगर (तत्कालीन औरंगाबाद) येथे २०१८ साली ग्रामस्थांच्या विरोधामुळे नारेगाव कचरा डेपो बंद पडला. तेव्हा ओल्या कचऱ्याच्या अशा प्रक्रियेची निकड प्रकर्षाने जाणवली.

अपायकारक परिणाम
डबाबंद भाज्यांत जि. स्टिअरोथर्मोफिलसमुळे डबा न फुगता अन्न आंबते. बाहेरून दोष दिसत नसल्याने तो डबा उघडल्यावरच कळतो. अॅलिसायक्लोबॅसिलस अॅसिडोटेरेस्ट्रिसचे बीजाणू पाश्चरीकरणातून वाचतात व फळांच्या रसाला औषधी दर्प आणतात. हे दोन्ही जीवाणू सामान्यतः रोगकारक नाहीत, मात्र त्यांच्यामुळे अन्नोद्योगाचे नुकसान होते.