रंग कापडावर, की धाग्याच्या आत? घरगुती टी-शर्ट छपाईमागचा इतिहास

रायपूरच्या ब्राह्मणपारा या जुन्या वस्तीतले एखादे घर डोळ्यांसमोर आणावे. गणेशोत्सव तोंडावर आला आहे आणि मंडळाचे नाव असलेले टी-शर्ट घरीच तयार करण्याचा बेत ठरला आहे. संगणकावरचे चित्र आरशात दिसावे तसे उलटे करून ट्रान्सफर पेपरवर छापले जाते. तो कागद सुती टी-शर्टवर पालथा ठेवून वरून गरम इस्त्री दाबली जाते. कागद सोलला की चित्र कापडावर उमटलेले असते. उत्सव आनंदात पार पडतो. पण पुढच्या काही धुण्यांतच त्या चित्राला बारीक भेगा पडू लागतात. याच उत्सवात कोणी घातलेल्या पॉलिएस्टरच्या छापील टी-शर्टचा रंग मात्र वर्षभरानंतरही तसाच राहतो.

हा फरक कागदाच्या किंवा इस्त्रीच्या दर्जाचा नाही. रंग कापडावर बसला, की धाग्याच्या आत शिरला, हा खरा प्रश्न आहे आणि या छपाईचा सारा इतिहास त्याच प्रश्नाभोवती फिरतो.

आधी कागदावर छापायचे आणि मग ती छपाई दुसऱ्या वस्तूवर उतरवायची, ही कल्पना जुनी आहे. लिव्हरपूलचे जॉन सॅडलर आणि गाय ग्रीन यांनी २७ जुलै १७५६ रोजी सहा तासांत बाराशेहून अधिक चिनी मातीच्या फरश्या या रीतीने छापल्याचे प्रतिज्ञापत्र केले होते. १८७० च्या दशकात इंग्लंडमध्ये भरतकामाची नक्षी इस्त्रीने कापडावर उतरवणारे कागद विक्रीस आले. आपल्याकडे हेच काम बिनइस्त्रीचे होते. नक्षीच्या रेषांवर सुईने भोके पाडलेला कागद कापडावर ठेवायचा आणि रॉकेलमध्ये कालवलेल्या निळीचा बोळा त्यावरून फिरवायचा. या दोन्ही रीतींत रंगाने टिकावे अशी अपेक्षाच नव्हती. वरून टाके पडले की त्याचे काम संपत असे.

रंग टिकवायचा तर धाग्याचे रसायनशास्त्र समजून घेणे भाग होते. मुंबईच्या कापडगिरण्यांना ही निकड तीव्रतेने जाणवत होती, कारण कृत्रिम रंग परदेशातून येत आणि त्यांचे शास्त्रही तिकडेच विकसित झालेले होते. १ ऑक्टोबर १९३३ रोजी मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग सुरू झाला. माटुंग्याची आजची रसायन तंत्रज्ञान संस्था ती हीच. वस्त्ररसायनशास्त्र हा तिथल्या पहिल्या विषयांपैकी एक होता. १९३८ मध्ये या विभागाचे पहिले भारतीय संचालक झालेले कृष्णस्वामी वेंकटरामन यांनी रंगांच्या रसायनशास्त्राचा मोठा ग्रंथप्रकल्प हाती घेतला. ‘द केमिस्ट्री ऑफ सिंथेटिक डाइज’चे पहिले दोन खंड १९५२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि जगभरच्या रंगरसायनतज्ज्ञांचे ते संदर्भग्रंथ ठरले. १९५७ मध्ये वेंकटरामन पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक झाले.

योगायोग असा, की त्याच १९५७ मध्ये फ्रान्समधील नोएल द प्लास यांनी ट्रान्सफर छपाईला नवी दिशा दिली. पाण्यात जवळजवळ न विरघळणारे ‘डिस्पर्स’ रंग १९२० च्या दशकात अ‍ॅसिटेट धाग्यासाठी तयार झाले होते. १९४१ मध्ये इंग्लंडमध्ये विनफील्ड आणि डिक्सन यांनी पॉलिएस्टरचा धागा शोधला, तेव्हा हेच रंग त्यालाही लागू पडले. द प्लास यांनी या रंगांचा एक गुण हेरला. सुमारे १८० ते २१० अंश सेल्सिअसला ते न वितळता थेट वायुरूप होतात. म्हणजेच त्यांचे संप्लवन होते. इतक्या उष्णतेत पॉलिएस्टरमधील रेणूंच्या साखळ्या हलत्या होतात, त्यांच्यात फटी निर्माण होतात आणि रंगाची वाफ आत शिरते. कापड थंड झाले की साखळ्या पुन्हा घट्ट होतात आणि रंग आत अडकतो. म्हणूनच तो टी-शर्ट वर्षभर टिकतो.

सुती कापडाला ही युक्ती लागू होत नाही. सुताचा सेल्युलोज पाण्याशी जवळीक साधणारा आहे. कोरड्या उष्णतेत तो या रंगांसाठी दार उघडत नाही. त्यामुळे घरगुती ट्रान्सफर पेपरने वेगळी वाट धरली. त्यावर उष्णतेने मऊ होणाऱ्या बहुवारिकाचा पातळ थर असतो. शाई त्या थरात बसते आणि इस्त्रीखाली तो थर मऊ होऊन सुतावर चिकटतो. टी-शर्टचे विणलेले कापड ताणले जाते, थर तितका ताणला जात नाही. भेगा पडतात त्या इथेच.

या घरगुती रीतीला खरा आधार मिळाला तो इंकजेट प्रिंटरचा. १९७७ मध्ये जपानमधील कॅनन कंपनीतील इचिरो एंडो यांच्या प्रयोगशाळेत गरम सोल्डरिंग आयर्न शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला लागले आणि टोकातून शाई उडाली. त्या निरीक्षणातून उष्णतेने शाईचे थेंब फेकणारे तंत्र विकसित झाले. छपाईच्या आरंभी तापलेले लोखंड होते आणि शेवटीही इस्त्रीच आहे.

मग सुतात रंग कायमचा बसवता येत नाही का? येतो. १९५४ मध्ये इंग्लंडमध्ये रॅटी आणि स्टीफन यांनी सेल्युलोजशी थेट रासायनिक बंध जोडणारे ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ रंग शोधले. परंतु त्यांना पाणी, मीठ आणि अल्क लागते, आणि न जोडला गेलेला रंग धुऊन काढावा लागतो. ते रंगीत सांडपाणी नदी-नाल्यांपर्यंत पोहोचते. संप्लवन छपाईत असे धुणे जवळजवळ नसते. पण तिथे कापड खनिज तेलापासून बनलेले असते. शेतात पिकणारा धागा पाणी मागतो आणि पाणी न मागणारा धागा तेलातून येतो. कापड उद्योगापुढचा हा पेच आजही सुटलेला नाही.

घरी छपाई करणाऱ्यांना या इतिहासातून काही साधे नियम मिळतात. दमट हवेत सुती कापड वजनाच्या सुमारे ८ टक्के किंवा त्याहून अधिक पाणी धरून ठेवते. भाद्रपदातल्या पावसाळी हवेत तर ते हमखास असते. म्हणून आधी कापडावर कोरडी इस्त्री फिरवावी आणि वाफेची इस्त्री टाळावी. टी-शर्ट उलटा करून थंड पाण्यात धुवावा. चित्रावर थेट इस्त्री फिरवू नये, कारण तो थर पुन्हा मऊ होतो.

आणि टी-शर्ट कोणत्या रीतीने छापला आहे हे ओळखायचे असेल, तर चित्रावरून हलकेच बोट फिरवावे. कडा आणि थर हाताला जाणवला, तर रंग कापडावर आहे. केवळ कापडच जाणवले, तर रंग धाग्यात मुरला आहे.